मंडई, पाताळेश्वर, वेताळ टेकडी : तीन आकारांच्या फिल्मसह पुण्यात

गुरुवार

कॅमेरा जसजसा स्वतःहून कामे करू लागला आणि फिल्मचा आकार जसजसा लहान होत गेला, तसतशी छायाचित्रकाराची शिस्त ढिली पडत गेली, असे आमच्या व्यवसायातील जुनी माणसे नेहमी सांगतात. मला हे म्हणणे कधी पूर्ण पटले नाही आणि कधी पूर्णपणे खोडूनही काढता आले नाही. म्हणून या वेळी पुण्याला येताना ३५ मिमीचा रोल, १२० चा रोल आणि चार बाय पाच इंची शीट फिल्म असे तीन आकार हाताशी ठेवायचे, एकाच शहरात आणि थंडीच्या एकाच उजेडात काम करायचे, आणि प्रत्येक फ्रेममागचा निर्णय मी घेतला की कॅमेऱ्याने, व तो नेमका केव्हा घेतला गेला, याची वहीत नोंद ठेवायची, असे ठरवून कोल्हापूरहून निघालो.

स्वारगेटला एसटीतून उतरून नारायण पेठेत मामांच्या घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मामांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बराच काळ लोटला असला, तरी मागच्या बोळकांडीतली डार्करूम त्यांनी मोडलेली नाही. शीट फिल्मचा लाकडी कॅमेराही त्यांचाच. त्यांची नात छायाचित्रण शिकते आणि लग्नाची कामे डिजिटल कॅमेऱ्यावर घेते. ती माझ्याबरोबर फिरणार होती.

जेवणानंतर विषय लग्नांवरच आला. मामा लग्नाची सगळी कामे १२० रोलवर करीत, आणि त्या रोलवर ६×६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम येतात. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागत आणि हँडल फिरवून रोल पुढे न्यावा लागे, त्यामुळे त्या क्षणाची एकच फ्रेम मिळे. म्हणून मंगलाष्टके सुरू होण्याआधी रोलवर किती फ्रेम उरल्या आहेत ते पाहायचे, दोन-तीनच उरल्या असतील तर त्या पाहुण्यांच्या गटावर संपवून टाकायच्या आणि नवा रोल भरून उभे राहायचे, असा त्यांचा नियम होता. गुरुजी शेवटचे ‘सावधान’ किती लांबवतात, नवरीमागे उभा असलेला मामा कोणत्या बाजूला सरकेल, हार उंचावताना तिचा हात चेहऱ्यावर येईल का, हे सगळे शटर दाबण्याआधी डोक्यात मांडून झालेले असे.

मी म्हणालो, की हीच ती शिस्त. मामांनी मान हलवली. “अरे, ती शिस्त नव्हती, काटकसर होती. बारातली एक वाया गेली तर पोटात गोळा यायचा. रोल स्वस्त असता तर मीही दणादण काढले असते.” त्यांच्या नातीचा कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेतो, म्हणजे छत्तीस फ्रेमचा अख्खा रोल त्याला चार सेकंदही पुरत नाही. तिने विचारले, “मग आजोबा, मला दहा मिळत असताना मी एकच का काढायची?” या प्रश्नावर त्या रात्री कोणाकडेच नीट उत्तर नव्हते. शिस्त आणि काटकसर यांत फरक असेल, तर तो कॅमेऱ्यात कुठे दिसतो, हे पाहण्याचे काम मात्र त्यामुळे ठरून गेले.

शुक्रवार

पहाटे महात्मा फुले मंडईत गेलो. १८८६ सालची ही दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या पाख्यांखाली उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते, हे सगळे उजेडाच्या दृष्टीने फार अवघड आहे, कारण वरून येणारा दिवसाचा उजेड आणि गाळ्यांतले दिवे यांची सरमिसळ पावलागणिक बदलते. इथे ३५ मिमीचा कॅमेरा घेतला. तो १९८० च्या दशकातला असून, त्यात अॅपर्चर (भिंगातले उजेड आत घेणारे छिद्र) आणि शटर (ते किती वेळ उघडे राहायचे) दोन्ही स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम मोड आहे. रोलचा अर्धा भाग प्रोग्रॅमवर आणि उरलेला अर्धा सगळे हाताने लावून, असे वाटून घेतले. फिल्म ४०० आयएसओची होती; आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे याचा आकडा.

यंत्राने निर्णय घेण्याचा हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला आहे. १९७६ च्या कॅनन एई-१ मध्ये शटरचा वेग छायाचित्रकार लावी आणि अॅपर्चर कॅमेरा निवडी. दोनच वर्षांनी आलेल्या ए-१ मध्ये प्रोग्रॅम मोड आला आणि दोन्ही निवडी कॅमेऱ्याकडे गेल्या. फोकस आपोआप करणारा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला कॅमेरा कोनिका सी३५ एएफ १९७७ चा, आणि एसएलआरच्या, म्हणजे भिंगातूनच बघून फ्रेम बांधता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या, मुख्य अंगातच ऑटोफोकसची मोटर बसवणारा मिनोल्टा ७००० हा १९८५ चा. दहा वर्षांच्या आत अॅपर्चर, शटर आणि फोकस ही तिन्ही कामे हातातून सुटली. फ्रेम कशी बांधायची आणि बटण केव्हा दाबायचे, एवढे दोनच निर्णय माणसाकडे उरले. हे दोन निर्णय लहान आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. रस्त्यावरचे बरेचसे उत्तम काम याच दोहोंवर उभे आहे.

तरीही प्रोग्रॅमवर काम करताना मला जे जाणवले ते असे, की कॅमेरा चुकत नव्हता, तो फक्त विचारत नव्हता. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याला जेवढा उजेड हवा तेवढा त्याने दिला. पण त्यासाठी अॅपर्चर पूर्ण उघडले, त्यामुळे मागे बसलेली त्यांची सून धूसर झाली, आणि मला तर त्या दोघी एकमेकींकडे न बघता एकाच लयीत हात चालवत होत्या हेच दाखवायचे होते. दृश्यात किती खोली स्पष्ट हवी आणि हालचाल गोठवायची की वाहू द्यायची, या दोन प्रश्नांना दर वेळी वेगळे उत्तर असते. प्रोग्रॅमकडे मात्र उजेडाच्या प्रत्येक पातळीसाठी आधीच ठरलेली एक जोडी असते. हाताने काम सुरू केल्यावर मी शटर १/६० सेकंद आणि अॅपर्चर एफ/२.८ (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) लावून ठेवले आणि जिथे त्या आकड्यांना पुरेसा उजेड आहे अशाच जागा शोधू लागलो. एका खांबाजवळ, जिथे वरचा उजेड सरळ तराजूवर पडत होता, बराच वेळ उभा राहिलो. उजेड पाहून जागा निवडणे ही सवय त्या आकड्यांनी लावली, आणि प्रोग्रॅमवर असताना ती मला सुचलीही नव्हती.

मामांच्या नातीने तेवढ्या वेळात तिच्या कॅमेऱ्यावर शेकडो फ्रेम घेतल्या होत्या. चहा घेताना तिने त्या दाखवल्या. बहुतेक चांगल्या होत्या आणि तिची नजर चौकस आहे यात शंका नाही. पण एकाच विक्रेत्याच्या चाळीस फ्रेमपैकी कोणती ठेवायची हे विचारल्यावर ती म्हणाली, “काका, ते मी घरी गेल्यावर बघते.” निर्णय तिथेही होतो, फक्त त्याची वेळ आणि जागा बदलते. उजेड, वास, समोरच्या माणसाचा स्वभाव हे सगळे हजर असताना होणारा निर्णय घरी पडद्यासमोर गेला, आणि ज्या गोष्टींवरून तो घ्यायचा त्या मंडईतच राहिल्या.

एवढ्यावरून सगळा दोष यंत्राला देणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हाताने चालणाऱ्या लायका कॅमेऱ्यावर काम करीत. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले, म्हणजे रसायनांत डेव्हलप न केलेले, सापडले. ३५ मिमीचा रोल आकाराने छोटा, भरायला सोपा, आणि त्यात छत्तीस फ्रेम. त्यावर हात एकदा सुटला की ऑटोमॅटिक यंत्रणा नसतानाही तो थांबत नाही. रोल मुद्दाम उशिरा धुवावा, म्हणजे फोटो काढतानाचा उत्साह निवडीच्या आड येत नाही, ही त्यांची पद्धत होती आणि तीही एक शिस्तच होती. पण ती निवडीची शिस्त, शटरची नव्हे.

शनिवार

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला १२० रोलचा यशिकामॅट १२४जी घेऊन गेलो. आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातले हे लेणे अख्ख्या काळ्या पाषाणात खोदलेले आहे. समोरच्या अंगणात वाटोळ्या छताचा नंदीमंडप उन्हात उभा, आणि आत चौरस खांबांच्या ओळी अंधारात. अशा संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्यामुळे कॅमेरा छातीशी धरून, खांबाला पाठ टेकवून काम करायचे होते.

या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघावे लागते. काचेवरचे चित्र सुलट पण डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून फ्रेम सरळ करायला हात नेमका उलट दिशेला न्यावा लागतो आणि प्रत्येक हालचाल मुद्दाम करावी लागते. फ्रेम चौकोनी असल्यामुळे आडवी की उभी हा प्रश्नच येत नाही, पण त्याबरोबर एक सोयही जाते. खांब लांबट आहे म्हणून कॅमेरा उभा धरला, असे इथे करता येत नाही. चौकोनाच्या चारही बाजू सारख्याच जोराच्या असतात आणि कडेला आलेली रिकामी जागा झाकता येत नाही. दर्शनाला आलेली माणसे मात्र अशा कॅमेऱ्याला बिचकत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मान खाली घातलेल्या माणसाकडे कोणी फारसे बघत नाही.

आता उजेडाकडे येतो, कारण या लेण्यात मला जे सापडले ते उजेडातूनच सापडले. अंगणात भर ऊन, ४०० च्या फिल्मला एफ/१६ आणि १/५००. आतल्या खांबाशी मीटरने एफ/४ आणि १/३० दाखवले. म्हणजे अॅपर्चरचे चार आणि शटरचे चार, असा आठ स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शिवाय मीटर मुळातच असे गृहीत धरतो, की समोरची वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवते, म्हणजे मध्यम राखाडी आहे. पुण्याचा काळा पाषाण तसा नाही. मीटरचे ऐकले तर नंदीमंडपाचा दगड सिमेंटसारखा राखाडी येतो, आणि त्याच मीटरने पांढरी टोपी घातलेल्या आजोबांना मोजले तर टोपीही तशीच राखाडी येते. काळा दगड काळा पण तपशिलासह हवा असेल, तर मीटरच्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यावे लागतात. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीचे मूळ हेच आहे. समोरची वस्तू किती गडद आहे हे मीटर सांगत नाही, ते छायाचित्रकाराने ठरवायचे असते. आजचे कॅमेरे दृश्याचे अनेक भाग मोजून अंदाज बांधतात आणि तो अंदाज पुष्कळदा उत्तम असतो. तरीही अमुक खांब किती काळा असावा, ही इच्छा मोजमापात सापडत नाही.

यापुढचा मुद्दा फिल्मच्या आकाराचा आहे, आणि मला वाटते तो शिस्तीच्या चर्चेत फार कमी वेळा येतो. इतका तीव्र फरक सांभाळायचा तर सावलीला पुरेल एवढे एक्सपोजर द्यावे लागते आणि मग डेव्हलपिंगचा वेळ कमी करून उजळ भाग आवरावा लागतो. पण डेव्हलपिंग सबंध रोलचे एकदमच होते. छत्तीस फ्रेमच्या रोलवर सकाळची मंडई, दुपारचे लेणे आणि संध्याकाळची नदी असे सगळे असेल, तर कोणत्या उजेडाच्या हिशेबाने रोल धुवायचा? मधला मार्ग काढावा लागतो, आणि तो कोणालाच नीट लागू पडत नाही. बारा फ्रेमचा रोल मात्र एका जागेला, एका उजेडाला वाहून टाकता येतो. मी तसेच केले. बाहेरच्या रस्त्यावरचा फुलवाला फार मोहक दिसत होता, पण त्याच्यासाठी ही फिल्म नव्हती. एक रोल म्हणजे एक उजेड, असे ठरले की काय काढायचे याबरोबरच काय काढायचे नाही हेही ठरते. यात काटकसर नाही, कारण खिशात आणखी रोल होते.

नातीला हे पटायला वेळ लागला. तिच्या कॅमेऱ्याचा आयएसओ आपोआप बदलतो, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, मग एका उजेडाला बांधून घेण्याचे कारण काय? मी तिला एवढेच सुचवले, की दुपारपर्यंत आयएसओ ४०० वर आणि एक्सपोजर हाताने ठेवून बघ. तिच्या कॅमेऱ्याचा फोकस आतल्या खांबावर थांबत नव्हता, मधून कोणी गेले की त्या माणसाच्या डोळ्यावर उडी मारत होता. ते मात्र तिने स्वतःहून बंद केले. नंतर आम्ही दोघे एकाच खांबाजवळ एक शब्द न बोलता खूप वेळ उभे होतो आणि उन्हाची तिरीप सरकत पायथ्याच्या कोरीव कडेवर येईपर्यंत दोघांनीही बटणाला हात लावला नाही.

रविवार

उजाडण्यापूर्वी वेताळ टेकडीवर चढलो. लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड, फिल्मचे होल्डर, काळे कापड आणि वेगळा लाइट मीटर, हे ओझे दोघांत वाटून घ्यावे लागले. वरच्या बंद पडलेल्या दगडखाणीचा कडा आणि त्याखालचे पाणी एवढेच चित्र मनात होते, आणि ते आदल्या संध्याकाळी पाहून ठरवले होते. चार बाय पाच इंचांच्या शीटचे क्षेत्रफळ ३५ मिमीच्या फ्रेमच्या सुमारे पंधरा पट असते. एवढ्या मोठ्या फिल्मवर सर्वसाधारण दृश्यासाठी १५० मिमीचे भिंग लागते, जिथे ३५ मिमीला ५० चे आणि ६×६ ला ८० चे पुरते. भिंग लांब झाले की स्पष्टतेची खोली उथळ होते, म्हणून अॅपर्चर एफ/२२ किंवा त्याहून बारीक करावे लागते, त्यामुळे शटर मंद होते आणि ट्रायपॉड अटळ होतो. ट्रायपॉड आला की चालता चालता जागा बदलणे संपते आणि उभे कुठे राहायचे हे आधीच ठरवावे लागते. फिल्मचा आकार छायाचित्रकाराला उपदेश करत नाही. तो भिंगाच्या लांबीतून, अॅपर्चरमधून आणि वजनातून त्याला एका जागी आणून उभा करतो.

काळ्या कापडाखाली काचेवर चित्र पूर्ण उलटे दिसते, पाणी वर आणि आकाश खाली. नातीने पहिल्यांदा बघितले तेव्हा ती बराच वेळ कापडातून बाहेरच आली नाही. उलट्या चित्रात कडा हा कडा राहत नाही, तो फक्त एक गडद आकार होतो, आणि आकार नीट बसला आहे की नाही हे चटकन दिसते, असे ती बाहेर आल्यावर म्हणाली. पायाजवळचा खडक आणि पाण्याची पलीकडची कड दोन्ही स्पष्ट हव्या होत्या, म्हणून भिंगाची पट्टी थोडी पुढे झुकवली. भिंग झुकवले की स्पष्टतेचे प्रतलही झुकते, हा नियम १९०४ मध्ये पेटंट घेणाऱ्या ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो.

इथे कामाचा क्रम मोडता येत नाही. भिंग उघडून फ्रेम बांधायची, फोकस करायचा, मग शटर बंद करायचे, अॅपर्चर आणि वेग लावायचा, शटर ताणायचे, होल्डर घालायचा, त्याची डार्क स्लाइड (फिल्मवरचा उजेड अडवणारी पट्टी) ओढायची, केबल दाबायची आणि स्लाइड परत घालताना तिची काळी बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे ही शीट वापरली गेली हे कळते. यातली एकही पायरी कॅमेरा स्वतः करत नाही आणि एकही पायरी वगळता येत नाही. मीटरने १२५ च्या फिल्मसाठी चार सेकंद सांगितले. पण एक सेकंदाच्या वर फिल्म प्रकाशाला हळूहळू कमी दाद देऊ लागते. इलफर्डच्या एफपी४ साठी मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात घ्यावा लागतो, म्हणजे चारचे सुमारे सहा सेकंद होतात. ही दुरुस्ती फिल्मच्या स्वभावातून येते आणि ती फोटो काढणाऱ्याच्या डोक्यातच असावी लागते.

एकाच दृश्याच्या दोन शीट घेतल्या, कारण शीट वेगवेगळ्या धुता येतात आणि मला त्यांच्या डेव्हलपिंगमध्ये फरक करून पाहायचा होता. मग सूर्य कड्याच्या वर आला, कड्याचा पोत सपाट झाला आणि काम संपले. होल्डरमध्ये शीट शिल्लक होत्या. सकाळच्या फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी एवढ्या सरंजामात दोनच फोटो का, असे विचारले, तेव्हा नातीनेच त्यांना समजावून सांगितले.

परतताना मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात डोकावलो. तिथे एका पथारीवर आपल्या देशात बनलेला आगफा क्लिक ३ दिसला. आमच्या आधीच्या पिढीच्या कितीतरी घरांतले पहिले फोटो याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. १२० रोलवर बारा चौकोनी फ्रेम, मागे लाल काचेची खिडकी, तिच्यातून रोलच्या कागदावरचे आकडे वाचून फिल्म पुढे न्यायची. फोकस करायचा नाही आणि मीटर तर नाहीच. म्हणजे फ्रेम बाराच, पण छायाचित्रकाराने घ्यायचे तांत्रिक निर्णय जवळजवळ शून्य. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये आणलेला पहिला कोडॅक कॅमेराही असाच होता. शंभर फोटोंची फिल्म त्यात भरूनच येई, ती संपली की कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा, आणि जाहिरात सांगे, की बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही बघतो. निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे इलेक्ट्रॉनिक्सने सुरू केलेले नाही. आणि मोठी फिल्म किंवा मोजक्या फ्रेम यांच्याबरोबर शिस्त आपोआप येते हेही खरे नाही. क्लिक ३ माझ्या हातात होता आणि मामांचे वाक्य आठवत होते. त्यांच्याकडेही बाराच फ्रेम असत, पण अंतरपाटाच्या वेळी त्या बारांमागे असलेला विचार रोलमधून आलेला नव्हता.

सोमवार

दुपारी लॉ कॉलेज रस्त्यावर गेलो. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्याच स्टुडिओच्या जागी १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. ३५ मिमीचा स्थिरचित्राचा आकार मुळात सिनेमाचाच आहे. जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी फिरवली, १८×२४ मिमीच्या चौकटीची २४×३६ केली, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. ज्या फिल्मने आमच्या हाती छत्तीस फ्रेमची मोकळीक दिली, तीच फिल्म सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम या वेगाने पळते आणि हजार फुटांचा डबा सुमारे अकरा मिनिटांत संपतो. तिथे हात आखडून भागत नाही. कॅमेरा सुरू होण्यापूर्वी नटाची जागा खडूने आखली जाते, फोकस टेपने मोजला जातो आणि तालीम होते. फ्रेम किती खर्च होतात यापेक्षा त्या सुरू होण्याआधी काय ठरले आहे यावर सगळे अवलंबून असते, हे माझ्या मनात त्या रस्त्यावर जास्त स्पष्ट झाले. बाकीचा दिवस नातेवाइकांच्या भेटीत गेला.

मंगळवार

सकाळपासून डार्करूममध्ये. थंडीमुळे नळाचे पाणी वीस अंशांच्या आसपास होते. मे महिन्यात मामा कोपऱ्यावरून बर्फ आणवत. पाताळेश्वरचा रोल साडेसात मिनिटांऐवजी सहा मिनिटे धुतला. ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तेव्हा नंदीमंडपावरचे ऊन आणि आतल्या खांबाच्या कडा दोन्ही एकाच फ्रेममध्ये शाबूत होते. शीट पूर्ण अंधारात ट्रेमध्ये एकेक करून धुतल्या, एक नेहमीच्या वेळेने आणि दुसरी कमी वेळाने. कमी वेळेच्या शीटमध्ये पाण्यावरचा उजेड आवाक्यात आला, पण कड्याचा जोर गेला. दोन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवून मामा म्हणाले, “पहिलीच ठेव. पाणी प्रिंट करताना आवरता येईल.” मला ते पटले.

मंडईच्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेमची निगेटिव्हच्याच आकारातली एकत्र प्रिंट, शेवटी काढली. भिंग लावून मामांनी लाल पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली आणि हाताने लावून घेतलेल्या अर्ध्या भागातल्या बऱ्याच फ्रेमना खूण मिळाली. सगळ्यांत जाड खूण मात्र त्यांनी प्रोग्रॅमवरच्या एका फ्रेमला केली. त्यात एक म्हातारे विक्रेते तराजू उचलत आहेत, चेहरा स्थिर आणि लखलखीत, हात आणि पारडे मात्र हालचालीने विरघळलेले. वहीत पाहिले, तर कॅमेऱ्याने १/३० निवडले होते. मी स्वतः तो वेग कधी लावला नसता, कारण हात हलेल ही भीती मला तिथे होती. इतके दिवस मी जे मांडत आलो होतो त्याला ही फ्रेम बसत नव्हती, आणि ती चांगली नाही असे म्हणणेही शक्य नव्हते. मामांचे मत असे, की यंत्राने योगायोगाने चांगले दिले तर ते घ्यावे आणि पुढे जावे. माझे मत वेगळे होते. योगायोगाने मिळालेली गोष्ट पुन्हा मागून घेता आली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तसाच तराजू समोर आला तरी आपण कॅमेऱ्याकडेच बघत राहू. आमचे एकमत झाले नाही. नात तेवढ्यात वहीतला आकडा स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेत होती.

बुधवार

परतीच्या एसटीत बसल्यावर तिचा फोन आला. ती पहाटेच मंडईत गेली होती, शटर १/३० वर ठेवून, आयएसओ आणि अॅपर्चर हाताने लावून, फोकस मात्र कॅमेऱ्यावर सोडून, आणि फ्रेम एकेक करून. त्या म्हाताऱ्या विक्रेत्यांचा हात सावकाश चालतो, त्यांना १/३० बरोबर बसते, पण शेजारच्या मिरच्या विकणाऱ्या ताई इतक्या झपाट्याने तोलतात, की १/३० ला त्यांच्या हाताचा नुसता धूर होतो. त्यांना १/६० लावावे लागले, आणि १/१२५ ला पारडे पूर्ण गोठून तोलण्याची क्रियाच दिसेनाशी झाली, असे ती सांगत होती. काही फ्रेममध्ये ताईंचाच चेहरा हलला आहे, तेव्हा शनिवारी परत जाऊन पारडे टेकण्याच्या आधीचा तो अर्धा क्षण पकडायचा, असे तिने ठरवले आहे.